गणपतीच्या कारखान्यात रबरी होडी

पहिलं ठिगळ भर नदीत सुटलं तेव्हा मी तिथे नव्हते. मी रोह्याला घरी, धुतलेले कपडे कुठे वाळत घालावेत या विवंचनेत होते. आमचे हे संध्याकाळी निथळत आले आणि दारातच म्हणाले, "सुटलं." हे तेव्हा धाटावच्या एका केमिकल कंपनीत होते, त्यामुळे मला वाटलं कुणाची तरी नोकरी सुटली. मी हळहळलेही. मग चहा पिताना कळलं की राफ्टचं ठिगळ सुटलं होतं. राफ्ट एका बाजूने बसत गेली, आणि हे आणि माझे दीर कमरेएवढ्या पाण्यातून तिला ओढत काठाला आले होते.

राफ्ट म्हणजे हवा भरलेली रबरी होडी. आज कोलाडला जाणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पण कोकण रेल्वेच्या गाड्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या त्या वर्षी आमच्या भागात असली होडी फक्त एक होती, आणि ती माझ्या दिरांची होती. हे सख्खे दीर नव्हेत, ह्यांचे मावसभाऊ. वयाने ह्यांच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. मी त्यांना भावोजी म्हणायची. सतरा वर्षं लष्करात काढून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि कोलाडजवळ आपल्या आईकडे राहायला आले. उत्तरेत असताना ते गंगेवर राफ्ट चालवायला शिकले होते. येताना लोक शाली आणतात, सुकामेवा आणतात, यांनी एका शिबिराने मोडीत काढलेली चौदा फुटी राफ्ट आणली. निळा रंग उन्हाने उडून राखाडी झालेला. जाड कापडाला दोन्ही बाजूंनी रबर चढवलेलं, चहूबाजूंनी मांडीएवढ्या नव्हे, चांगल्या पोत्याएवढ्या जाड नळ्या.

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आपली कुंडलिका इतर नद्यांसारखी नाही. वरच्या वीजघरातून रोज सकाळी पाणी सोडतात, त्यामुळे मे महिन्यातही सकाळी ती फेसाळत धावते. अशी नदी दारात असताना लोक गंगेपर्यंत का जातात, हा त्यांचा प्रश्न होता. गावात हा प्रश्न कुणाला पडतच नव्हता, कारण नदीत मजेसाठी बसायचं ही कल्पनाच कुणाला पटत नव्हती. शेवटी ह्यांनी कंपनीतले सहा जण तयार केले. पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला त्यांना राफ्टमध्ये बसवून खाली आणायचं ठरलं. भावोजींची ती पहिली खेप असणार होती.

आणि जुलैत, सरावाला गेले असताना, वाहून आलेल्या एका मोडक्या साकवाची सळई डाव्या नळीत घुसली. वीतभर चीर पडली. भावोजींनी आणि ह्यांनी मावशींच्या, म्हणजे भावोजींच्या आईच्या, पडवीत बसून ठिगळ लावलं. राफ्टबरोबर आलेल्या माहितीपुस्तकात लिहिल्याप्रमाणे घासलं, पुसलं, सोल्युशन लावलं, ठिगळ दाबलं, वर पाटा ठेवला. एक दिवस राहू दिलं. आणि ते ठिगळ दुसऱ्याच वळणावर निघालं.

ह्यांनी ते ठिगळ डब्याच्या पिशवीतून आणलं होतं. फेकून द्यायला निघाले होते, मी मागून घेतलं. खिडकीशी नेऊन उलटं केलं. ज्या बाजूने ते चिकटलं होतं तिथे सोल्युशन अजून चकचकीत होतं, आणि त्या चकाकीवर एक दुधाळ पांढुरकी साय होती. बोटाच्या मागच्या बाजूने घासली तर ती निघाली.

ती साय मी ओळखत होते. पंधरा वर्षांनी पाहत होते, पण ओळखायला क्षणही लागला नाही.

माझं माहेर पेणचं, आणि पेणमध्ये माहेर म्हटलं की बहुतेकांच्या घरात गणपती असतात, तसे आमच्याकडेही होते. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, मूर्तींचा कारखाना चालवायचे. पण त्यांची खरी ख्याती साच्यांसाठी. शाडूची एक सुंदर मूर्ती घडवायची, तिच्यावर रबराचं दूध ब्रशने चढवायचं. रबराचं दूध म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, तो कॅनमधून यायचा. एक हात, मग वाळवायचं, मग दुसरा हात. मध्ये जाळीच्या कापडाच्या पट्ट्या. असे दहा-बारा हात झाले की वरून प्लास्टरचं कवच करायचं, आणि शेवटी रबर मूर्तीवरून मोजा काढल्यासारखं सोलून घ्यायचं. त्यात सोंडेची प्रत्येक सुरकुती उतरलेली असायची. त्या एका साच्यातून मग शेकडो मूर्ती निघत.

हे हात चढवायचं काम मी बाराव्या-तेराव्या वर्षापासून करत होते. रबर ओलं असताना दुधासारखं पांढरं असतं आणि वाळलं की मधासारखं होतं. पांढरेपणा पूर्ण जाईपर्यंत पुढचा हात द्यायचा नाही, हा अण्णांचा नियम होता. घाई केली की दोन थरांच्या मध्ये ओल कोंडायची आणि साचा पापुद्र्यासारखा सुटायचा. पावसाळ्यात तर फारच सांभाळावं लागे. जुने साचे सोंडेशी आणि बोटांच्या बेचक्यांत फाटायचे, ते जोडायचं कामही माझ्याकडेच असायचं. अण्णा पाहुण्यांना सांगायचे की हिचा हात रबराला मानवतो. मग माझं लग्न झालं, मी रोह्याला आले, आणि त्या हाताने पंधरा वर्षं पोळ्या लाटल्या. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण त्या संध्याकाळी खिडकीशी उभी राहून ते ठिगळ मी पुन्हा पुन्हा उलटून बघत होते हे खरं.

मी ह्यांना म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही. हवा चुकली."

ह्यांना आधी कळेना. मी सांगितलं की पडवीत, समोर पाऊस पडत असताना, सोल्युशन वाळत नसतं, त्याच्यावर ओल बसते. ह्यांनी ते ठिगळ हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. सोल्युशनमधलं थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, आणि गार पृष्ठभागावर हवेतली वाफ दव होऊन बसते, असं ते मला समजावून सांगायला लागले. कंपनीत रोज हेच बघतो आणि इथे डोक्यात आलं नाही, म्हणाले. रात्री जेवताना वरणाचा वाडगा मध्ये ठेवून त्यांनी मला तेच परत समजावलं. मी ऐकून घेतलं. त्यांना शास्त्र माहीत होतं, मला साय माहीत होती. दोन्ही एका ताटात आल्याचा आनंद दोघांनाही होता.

रविवारी आम्ही कोलाडला गेलो. भावोजी पडवीच्या कडेला हवा गेलेल्या राफ्टशेजारी बसले होते. फौजी माणूस, ताठ बसायची सवय, पण त्या दिवशी खांदे पडले होते. सोल्युशनचा डबा त्यांनी उत्तरेतून आणला होता. त्यातला अर्ध्याहून जास्त पहिल्या ठिगळात गेला होता आणि दुसरा डबा मागवायचा तर महिना लागणार होता. मावशी आतून पान लावत बाहेर आल्या, मला राफ्टभोवती गुडघ्यांवर फिरताना बघितलं आणि म्हणाल्या, "काय गो, तूपन यांच्यात मिळालीस? हा फुगा हाय का होडी, तेच मला अजून कळलं नाय."

मी चीर बघितली. कडा साफ होत्या, रबर आतपर्यंत चांगलं होतं. एवढं जुनं असूनही ते कुठे तडकलेलं नव्हतं. मी भावोजींना सांगितलं की हे जोडता येईल, पण इथे नाही. या घरात भिंतींना पाणी सुटलं होतं, पापडाचा डबा उघडला तर पाच मिनिटांत पापड मऊ पडत होते. आपल्याला कोरडी खोली हवी. त्या हंगामात माझ्या माहितीत अशी एकच खोली होती, पेणला अण्णांच्या कारखान्यात, जिथे ओल्या मूर्ती शेगड्या आणि मोठे दिवे लावून वाळवत.

शेजारच्या फोनवरून मी अण्णांना फोन केला. गणपती जेमतेम महिन्यावर आलेले. कारखान्यात पाय ठेवायला जागा नसणार हे मला ठाऊक होतं. मी सगळं सांगितलं. अण्णांनी विचारलं, लांबी किती? मी म्हटलं, चौदा फूट. त्यावर ते म्हणाले की चौदा फुटांत त्यांचे चाळीस गणपती बसतात. मग त्यांनीच विचारलं, "रबर कसलंय?"

तेव्हाच मला कळलं की आपलं काम झालं.

श्रावणाच्या सुमारास रोह्याहून पेणला रिकामे टेंपो जात. पेणहून मूर्ती भरून आणायच्या असत. अशाच एका ओळखीच्या टेंपोत गुंडाळलेली राफ्ट टाकून मी, हे आणि भावोजी निघालो. ह्यांनी चार दिवसांची रजा टाकली होती. नागोठणं, वडखळ करत दुपारी पेणला पोहोचलो. तोवर अण्णांनी वाळवणीची खोली रिकामी करून ठेवली होती. चाळीस गणपती घरभर पसरले होते. पलंगावर गणपती, जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक गणपती, स्वयंपाकघरात ओट्यासमोर सहा. आई त्यांच्याकडे पाठ न करता भाकऱ्या थापत होती.

अण्णा तेव्हा सत्तरीच्या जवळ आले होते. त्यांनी राफ्ट उलगडायला लावली, चष्मा कपाळावर ढकलला आणि तिच्यावरून तळहात फिरवला. एक कोपरा दुमडून कानाशी नेला. रबर म्हातारं झालं की दुमडताना बारीक आवाज करतं, असं त्यांचं म्हणणं. आवाज आला नाही. हे कुणी बनवलं, त्यांनी विचारलं. भावोजींना नाव माहीत नव्हतं, परदेशातलं आहे एवढंच ठाऊक होतं. अण्णा म्हणाले, ज्याने बनवलं त्याने जीव ओतून बनवलंय. हे त्यांचं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली तापवली. भुशाच्या शेगड्या तीन तास पेटत्या ठेवल्या, भिंती हाताला कोरड्या लागायला लागल्या. मग ह्यांनी सगळ्या शेगड्या बाहेर काढायला लावल्या, निखारा एकही आत राहू दिला नाही. थिनर उघडायचं तर ठिणगी नको. वरचं झरोक्याचं दार उघडं ठेवलं, कामगारांच्या बिड्या रस्त्यापलीकडे पाठवल्या. उष्णतेसाठी फक्त वरचे मोठे दिवे चालू ठेवले.

ठिगळाचं कापड भावोजींकडे होतं. अण्णांनी त्याचे कोपरे बघितले, स्वयंपाकघरातून वाटी आणली आणि वाटीच्या कडेने ते गोल कापले. टोकदार कोपरा दगडाला पहिला सापडतो. मी चिरेच्या आतून आधी एक पट्टी सरकवून चिकटवली, मग नायलॉनच्या दोऱ्याने चिरेच्या कडा एकमेकींना भिडवून शिवल्या, फार ओढल्या नाहीत, नुसत्या भिडवल्या. मग वरून मोठं ठिगळ बसवायचं होतं, चिरेच्या चहूबाजूंनी चार बोटं जास्त. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासल्या, थिनरने पुसल्या. सोल्युशनचा पहिला पातळ हात दिला. वाट पाहिली. कोरडं झालं. दुसरा हात दिला.

आणि वीज गेली.

पेणला पावसात वीज जाणं ही बातमी नव्हती, पण त्या क्षणी सगळ्यांनी वर दिव्यांकडे बघितलं. दिवे गेले, खोली हळूहळू थंड व्हायला लागली. मी झरोक्याच्या उजेडात वाकून बघत बसले. दहा मिनिटांनी ठिगळाच्या एका कडेला पांढुरकी झाक आली. भावोजींचा धीर सुटत होता. सोल्युशनमध्ये एकदा दुसऱ्या बाटलीतलं औषध मिसळलं की ते दोन-तीन तासांत घट्ट होतं, आणि वाडग्यात जे उरलं होतं तेच शेवटचं होतं. अण्णांनीही बघितलं आणि म्हणाले की झाक कडेलाच आहे, मधे चांगलं आहे, लावून टाक.

मी अण्णांचं कधी मोडलं नव्हतं, निदान रबराच्या बाबतीत नाही. पण मला आधीच्या ठिगळावरची साय दिसत होती. आणि या ठिगळाच्या भरवशावर आता सहा माणसं बसणार होती.

"नाही अण्णा," मी म्हटलं. "पुसून काढते. पुन्हा देते."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रागावतील. ते उठले, माझ्या हातात थिनरचा फडका दिला आणि दारात जाऊन आईला म्हणाले की चुलीत विटा टाक. लाल होऊ द्यायच्या नाहीत, नुसत्या चांगल्या तापवायच्या. पुढचा तासभर आई, दोन कामगार आणि भावोजी घमेल्यातून गरम विटा आणत होते आणि थंड झालेल्या परत नेत होते. आत आणण्याआधी हे प्रत्येक विटेवर हात धरून बघत. राफ्टच्या दोन्ही बाजूंना विटांची रांग लागली. निखारा नाही, ज्योत नाही, पण खोली अशी उबदार झाली की माझ्या कपाळावरचा घाम मला वाकताना बाजूला करावा लागत होता, तो रबरावर पडू नये म्हणून. मी सगळं पुसून काढलं, उरलेल्या सोल्युशनचा हात दिला. वाडगा तळाला लागला. ब्रशने खरवडून कडा पुऱ्या केल्या.

मग थांबलो. अण्णा समोर स्टुलावर बसले. बोटाच्या पेराने, पुढच्या टोकाने नाही कारण तिथे तेल असतं, मी अधूनमधून स्पर्श करून बघत होते. पेर चिकटून हलकेच सुटायला लागलं आणि झाक कुठेच नव्हती, तेव्हा मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी ठरवायचं माझ्यावर सोडलं होतं. मी ठिगळ मधोमध टेकवलं आणि मधून बाहेर, मधून बाहेर असं दाबत गेले. अण्णांनी आईचं लाटणं आणून दिलं होतं. त्या लाटण्याने मी ठिगळ लाटलं, आणि आईने ते लाटणं नंतर स्वयंपाकघरात परत घेतलं नाही.

वीज आली तेव्हा आमचं जेवण झालं होतं.

पूर्ण एक दिवस कुणालाही हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी सकाळी ह्यांनी पायाच्या पंपाने हवा भरली. कारखान्यातले सगळे कामगार रंगाचे हात घेऊन जमले. मी कपड्याच्या साबणाचा फेस ठिगळाच्या कडेने लावत गेले. एक तरी बुडबुडा येईल म्हणून सगळे वाकून बघत होते. एकही आला नाही. दोन तासांनी पुन्हा लावला, तरी नाही. मग भावोजींनी कामगारांना आत बसून उड्या मारायला सांगितलं. सहा जण बसले, त्यांच्यात डोळे रेखणारे एक वयस्क कारागीर होते, ते एरवी कुणाशी हसून बोलत नसत. तेसुद्धा खाली-वर होताना हसत होते. शेवटी अण्णाही धोतर सावरून आत शिरले आणि मधल्या आडव्या नळीवर टेकले. उठायला तयार नव्हते. अशी गादी घरात असती तर पाठ दुखली नसती, म्हणाले.

परतीच्या वेळी टेंपोवाल्याची अडचण झाली. त्याला पंचवीस मूर्ती रोह्याला न्यायच्या होत्या, त्यात राफ्टला जागा नव्हती. अण्णांनीच मार्ग काढला. राफ्ट अर्धी हवा भरून टेंपोत बसवली, नळ्या दोन्ही बाजूंना दबल्या, आणि मूर्ती गवताच्या पेंढ्यासकट तिच्यात ठेवल्या. मी आणि हे पुढे ड्रायव्हरशेजारी, भावोजी मागे गणपतींबरोबर. वडखळच्या नाक्यावर गाड्या अडकल्या होत्या, तिथे लोक टेंपोभोवती जमले. एकाने विचारलं की गणपती यंदा होडीतून का. भावोजींनी अतिशय गंभीरपणे सांगितलं की रस्ता बघितलात ना. त्या वर्षी वडखळ ते नागोठणं रस्त्याची खरंच चाळण झाली होती. रोह्याला पोहोचलो तेव्हा एकाही मूर्तीचा नखभर टवका उडाला नव्हता. टेंपोवाला पुढे दोन वर्षं श्रावण आला की राफ्ट मागायला यायचा.

पंधरा ऑगस्टला सकाळी आम्ही नदीवर गेलो. कंपनीतले सहा जण आले होते, त्यातला एक जण पाणी बघूनच मागे सरला. भावोजींनी त्याला काठावर ठेवलं आणि मला म्हणाले, "वहिनी, बसा."

मी पोहायला शिकले नव्हते. मी तसं सांगितलं. त्यांनी सांगितलं की लष्करात ज्याने पॅराशूटची घडी केली त्याला अधूनमधून तेच बांधून उडी मारायला लावतात, म्हणजे घडी नीट होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मला तरंगायचं जाकीट बांधायला आधीच पुढे आले होते. मी पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी कमरेला बांधली, आणि डाव्या बाजूला, बरोब्बर माझ्या ठिगळाशेजारी बसले. हातात वल्हं दिलं. हे स्कूटरवरून रस्त्याने खालच्या पुलाकडे निघाले.

पहिल्या उतारावर राफ्टचं नाक खाली गेलं आणि सगळी नदी माझ्या मांडीवर आली. मी ओरडले नाही, कारण तोंडात पाणी होतं. दुसऱ्या उतारावर मला कळायला लागलं की ही होडी लाटेला विरोध करत नाही. ती वाकते, दुमडते, लाट जाऊ देते आणि पुन्हा सरळ होते. लाकडी होडी तिथे फुटली असती. भावोजी मागून हुकूम देत होते, आम्ही वल्हवत होतो, आणि दर दगडापाशी माझी नजर गुडघ्याशेजारच्या त्या गोल कोपऱ्यांच्या ठिगळाकडे जायची. एका अरुंद जागी राफ्ट दगडावर घासली, नेमकी डावी बाजू. पुढे शांत पाण्यात आल्यावर मी वाकून हात लावला. रबरावर एक पांढरा ओरखडा उठला होता, कडा जशीच्या तशी होती. तेव्हा मी हसायला लागले आणि मला ते थांबवता येईना. मागचे लोक विचारत होते की काय झालं.

पुलाजवळ हे उभे होते. त्यांनी मला हात धरून उतरवलं आणि आधी ठिगळ तपासलं, मग मला. यावरून पुढे घरात बरीच वर्षं बोलणी खाल्ली त्यांनी.

मावशींनी सगळ्यांना घरी बोलावलं होतं. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या खोबऱ्याची चटणी, आणि गरम पेज. भिजलेली माणसं खातात तशी आम्ही खाल्ली. मावशींनी मला जवळ बसवून विचारलं की भ्यायला झालं का. मी म्हटलं झालं. "मग परत जाशील?" मी म्हटलं, व्हय. त्या म्हणाल्या, "मग ती होडीच हाय म्हणायची."

ती राफ्ट पुढे चार वर्षं चालली. भावोजींकडे माणसं यायला लागली, आधी रोह्याची, मग मुंबईची. दर पावसाळ्याच्या आधी मी आठ दिवस कोलाडला जायची आणि तिची डागडुजी करायची. तळाच्या कडा दगडावर घासून पातळ व्हायच्या, हवा भरायच्या झडपेत वाळू अडकायची, उन्हात तशीच ठेवली की आतली हवा तापून शिवणी ताणल्या जायच्या. भावोजींना मी दुपारी काठावर आणल्यावर थोडी हवा सोडायची सवय लावली. शेजारच्या दोन बायकांना हे काम शिकवलं. त्यांच्या हाताला पहिल्या खेपेपासून घाई नव्हती, भात लावणाऱ्या बायका त्या. शेवटी शेवटी ठिगळं इतकी झाली की मूळ रंग कुठला हे सांगता येत नसे. पण अण्णांच्या खोलीत लावलेलं ते ठिगळ शेवटपर्यंत निघालं नाही.

पंधरा ऑगस्टच्या त्या संध्याकाळी मी अण्णांना फोन केला होता. लाटा किती उंच, मी घाबरले का, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. कडा उचलली का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. ते बरं म्हणाले आणि गणपती रंगवायचे आहेत म्हणून फोन ठेवला. नंतर आईने सांगितलं की संध्याकाळभर ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्याबद्दल सांगत होते.

गणपती झाले, दिवाळी झाली. थंडीत अण्णा आणि आई रोह्याला आमच्याकडे आठ दिवस राहायला आले. एका सकाळी अण्णांनी चहा घेताना सहज विचारल्यासारखं विचारलं की नदीला खाली, जिथे उतार नसतात, तिथे होडी चालते का. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे उठून भावोजींना फोन करायला गेले.

कोलाडच्या खाली कुंडलिका रुंद आणि शांत होते. अण्णांना जाकीट घातलं, टोपी काढून ठेवायला सांगितलं तर त्यांनी ऐकलं नाही. आई काठावर उभी राहून नको नको म्हणत होती, आणि आम्ही निघतोय म्हटल्यावर चपला हातात घेऊन तीही आत येऊन बसली. भावोजींनी हळूहळू वल्हवत आम्हाला मधल्या धारेत नेलं. दोन्ही काठांना कापलेल्या भाताची पिवळी खोडं, बगळे, पाण्यावर धुकं विरत चाललेलं. अण्णा दोन्ही हातांनी नळीला धरून बसले होते. मग एक हात सोडला. मग दुसरा. थोड्या वेळाने ते वाकून नदीचं पाणी ओंजळीत घेऊन बघत होते.

तासाभराने भावोजींनी राफ्ट काठाला लावायला वळवली. अण्णांनी मागे वळून आम्ही आलो ती नदी बघितली, पुढे जायची बघितली, आणि भावोजींना विचारलं, "अजून थोडं जमेल?"

भावोजींनी राफ्ट पुन्हा धारेला लावली.